दाढी करून आणा

"हनुवटी वर कर," महिपतीकाका म्हणाले. आबांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

रविवारची दुपार होती. चिंचसोंडच्या शाळेच्या व्हरांड्यात आठ म्हातारे जोडीजोडीनं बसले होते, एक बाकावर, दुसरा त्याच्यासमोर स्टुलावर. अंगात पांढरे बनियन, कमरेला लाल-हिरव्या चौकडीचे किल्ट, पायांत गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे. सराव नुकताच संपला होता. बॅगपाइप बाजूच्या टेबलावर आडवे ठेवले होते. त्यांच्या मशकांतली हवा पुरती गेली नव्हती, त्यामुळे मधूनच एखादा आपोआप कण्हायचा. तिकडे कुणी बघत नव्हतं.

माझे वडील, आबा, आणि ही सगळी मंडळी मी अगदी लहान असताना एकाच पलटणीच्या पाइप बँडमधून पेन्शनीत आलेली. गावात परतल्यावर त्यांनी आपला बँड काढला. लग्नं, जत्रा, पंधरा ऑगस्ट. किल्टला गाव घागराच म्हणायचं. "घागरेवाले आले," असं म्हणत पोरं मागं पळायची. नोकरीत रोज पहाटे गुळगुळीत हनुवटी दाखवावी लागे, म्हणून पेन्शनीच्या दिवशी शेवटचा वस्तरा लावायचा आणि मग कधीच नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम. दाढी कोटाच्या दुसऱ्या बटणापर्यंत, सगळ्यांची सारखी. आणि आपली दाढी आपण करायची नाही, ती जोडीदारानं करायची. बर्फातल्या चौकीवर आरसा नसायचा, तेव्हा समोरचा माणूस हाच आरसा. ती सवय त्यांनी गावात आणली.

इथे मला एक शब्द सांगायला हवा. उभ्या महाराष्ट्रात दाढी करणं म्हणजे ती काढून टाकणं. या आठ घरांत मात्र दाढी करणं म्हणजे ती रिठ्यानं धुणं, कोमट खोबरेल लावणं, लाकडी फणीनं विंचरून मधोमध भांग पाडणं, म्हणजे पाइपची फुंकणी तोंडात धरली की केस ओठांत येत नाहीत, आणि मग कात्रीनं टोकं सारखी करणं. मी याच मराठीत वाढले. पुण्याला वसतिगृहात एकदा म्हणाले, "आमचे आबा दर रविवारी दाढी करतात, म्हणून ती एवढी लांब आहे." मुली महिनाभर हसत होत्या.

आबांच्या गळ्यात गाठ होती. गेल्या वर्षभरात ती वाढून श्वासनळीवर आली होती. बोलताना त्यांच्या छातीतून बारीक शीळ यायची. पाइप वाजवणं बंद झालं होतं. ते नुसते किल्ट नेसून, मशक काखेत धरून रांगेत उभे राहायचे. सोमवारी ऑपरेशन होतं, म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा काढून आले होते.

"कुमे, चहा टाकतीस का नुसती बघत बसतीस?" आबा डोळे न उघडता म्हणाले.

"हलू नको शेडग्या," काकांनी दटावलं. "मिशी जाईल."

"जाऊ दे. बायको न्हाई, बघणार कोण?"

"उद्या नर्सा बघतील की!"

व्हरांडाभर हशा झाला. तेवढ्यात आबांचा फोन वाजला. त्यांचे हात पोटावर जोडलेले, म्हणून काकांनी तेलकट बोटांनी उचलला. "व्हय… व्हय, शेडगे. उपाशीपोटी. बरं… करून आणतो की. न सांगतासुद्धा आणली असती." फोन ठेवून त्यांनी सगळ्यांकडे मोठ्या तोऱ्यानं पाहिलं. "इस्पितळातनं होता. म्हणतात, पेशंटची दाढी करून आणा."

"बघा! डाक्टरला कळतंय."

"पलटणीतला असंल."

त्या दिवशी काकांनी आबांची दाढी जशी केली तशी मी कधी पाहिली नव्हती. उन्हं शाळेच्या भिंतीवर चढेपर्यंत चालली होती. शेवटी त्यांनी अत्तराचा बोळा दोन्ही गालांवरून फिरवला, मागं सरकून पाहिलं आणि म्हणाले, "आता खुशाल काप म्हणावं."

सोमवारी सकाळी जिल्ह्याच्या गावी इस्पितळात पोचलो. आबा खाटेवर ताठ बसले होते, दाढी छातीवर पसरून. तरुण डॉक्टर आले, कागद चाळले, मान वर केली आणि थबकले.

"दाढी करून आणा, असं सांगितलं होतं ना?"

"केलीय की," काका म्हणाले.

"कुठे केलीय?"

"ही काय. काल दुपारभर तेच केलं."

डॉक्टर हसायला लागले आणि मग आमच्यापैकी कुणीच हसत नाही हे बघून थांबले. "काका, गळा उघडायचाय. एक केस ठेवता येणार नाही. मास्कसुद्धा बसणार नाही नीट." ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही समजवा."

मी समजावलं नाही. आबा माझ्याकडे बघतही नव्हते, काकांकडे बघत होते. इस्पितळाचा न्हावी वस्तऱ्याची पेटी घेऊन आला, तेव्हा आबांनी त्याचं मनगट हळूच धरलं आणि बाजूला केलं.

"माझा जोडीदार हाय," ते म्हणाले.

काकांनी वस्तरा घेतला. बराच वेळ नुसता हातात धरला. "शेडग्या, काढू?"

"आर्डर हाय. काढ."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. आधी कात्री चालली. पांढरे, तेल लावलेले लांब केस मांडीवरच्या टॉवेलवर पडत होते, आणि पडताना कालच्या अत्तराचा वास येत होता. मग फेस, मग वस्तरा. माझ्या आठवणीतल्या साऱ्या आयुष्यात मी आबांची हनुवटी पाहिलेली नव्हती. ती लहान निघाली. वरचा चेहरा उन्हानं करपलेला, सुरकुतलेला, आणि खालचा पांढुरका, गुळगुळीत, जवळजवळ मुलाचा. दोन वयांची दोन माणसं नाकाखाली शिवून जोडावीत तसं ते तोंड दिसत होतं. आणि हळूहळू वरचा माणूस खालच्याचं ऐकायला लागला. कपाळ सैल झालं. डोळ्यांभोवतालच्या रेषा कमी झाल्या. हे मी पाहिलं; पुढं कितीदा तरी स्वतःला विचारलं, तरी पाहिलंच होतं.

कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र एका सुरात घुमत होतं. आबांच्या नाकातून तोच सूर यायला लागला. पाइपमधे बोटं थांबली तरी मागं जो एक अखंड सूर चालू राहतो, तसा.

"सूर लागला बघ," काका पुटपुटले, आणि त्यांनी शेवटचा फेस पुसला. केसांचा टॉवेल चारी कोपरे आत दुमडून त्यांनी गुंडाळला आणि खाटेवर ठेवला.

आबांनी डोळे उघडले. गालांवरून दोन्ही हात फिरवले. "चांगली केलीस. आज पाणी गोठलं न्हवतं?"

"काय?"

"महिपत, तोंडावरचं बर्फ झाड की. म्हातारा दिसतोस."

काकांचा हात आपल्या पांढऱ्या दाढीकडे गेला आणि तिथंच राहिला. ते माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत भीती होती, पण गोंधळ नव्हता. मला ते तेव्हा विचित्र वाटलं. "मी डाक्टरला बघतो," म्हणून ते लगबगीनं बाहेर गेले.

मग आबांनी मला पाहिलं. पाय आखडून घेतले, चादर गुडघ्यांवर ओढली, परक्या बाईसमोर पुरुष आवरून बसतो तसे ते सावरून बसले.

"तुम्ही उभ्या का? बसा की."

ते मला कधीच तुम्ही म्हणाले नव्हते. मी हसण्याचा प्रयत्न केला. "आबा…"

त्यांनी मान वळवून मागं पाहिलं. हा आबा कोण, हे बघायला. मागं भिंत होती. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मी नव्हते. ओळख विसरलेल्या माणसाच्या नजरेत निदान शोधाशोध असते. यांनी काहीच विसरलेलं नव्हतं. त्यांनी मला अजून पाहिलंच नव्हतं.

मी स्टुलावर बसले. ऑपरेशनला न्यायला तासाभराचा अवकाश होता. तेवढ्यात त्यांनी एकदा मला कुमे म्हणावं, तू म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्या खोलीतून ते तसे, मला न ओळखता बाहेर गेले, तर पुढं मी काय करायचं हे मला कळत नव्हतं.

"इथं बायकांना येऊ देत न्हाईत," ते म्हणाले. आवाजातली शीळ तशीच होती, पण बोलणं लाजरं. "तुम्ही आलात कशा?"

"एसटीनं."

"इथवर यष्टी येती?" ते खुदकन हसले. "मग मला सुट्टीला चालत का उतरवतात खाली?" खिडकीला पांढरा पडदा होता. तो वाऱ्यानं हलला, तसं त्यांनी तिकडं पाहिलं. "अजून पडतंय. तुमच्या पायात काय न्हाई वाटतं जाड?"

"मला थंडी नाही वाजत."

"वाजंल. संध्याकाळी वाजंल." त्यांनी चादरीची कड सारखी केली. "तुम्ही कुणाच्या?"

आमच्याकडं अनोळखी बाईला हेच विचारतात. कुठल्या घरच्या, कुणाची लेक, कुणाची सून. साधं उत्तर होतं. दोन शब्दांचं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण ते त्या आधीच पुढं बोलायला लागले, पुढं झुकून, कुणी ऐकत नाही ना हे बघून.

"एक सांगू? महिपतला सोडून कुणाला सांगितलं न्हाई. तार आलीया घरनं. मुलगी झाली."

मी म्हणाले, "आनंदाची गोष्ट आहे."

"व्हय. आनंदाचीच. पण…" त्यांनी डावी काख थोडी उघडून पुन्हा मिटली. "मला धरता येणार न्हाई तिला."

"का?"

"मी आजवर एकच गोष्ट धरलीय. मशक. ती काखेत धरायची आणि दाबायची. दाबल्याबिगर वाजत न्हाई. हात आपसूक दाबतो बघा, झोपेतसुद्धा. महिपत म्हणतो, तू झोपेत उशी दाबतोस." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पोरीला दाबलं तर?"

मी खाटेवरचा गुंडाळलेला टॉवेल उचलला. दुसरं काही जवळ नव्हतं.

"हात द्या," मी म्हणाले. "डावा नाही, उजवा. काखेत घ्यायचंच नाही. असा कोपर वाकवा. मान इथं, कोपराच्या खळगीत. दुसरा हात खालून. दाबायचं नाही, फक्त खाली पडू द्यायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी टॉवेल घेतला. त्यांच्याच दाढीचे केस होते आत. त्यांनी तो छातीशी धरला, आणि त्यांचे खांदे, जे मी आयुष्यभर पाइपसाठी वर चढलेले पाहिले होते, ते खाली आले.

"हलकी हाय," ते म्हणाले.

"सुरुवातीला असतात."

"रडंल का माझ्याकडं आल्यावर?"

"रडेल थोडी. मग राहील."

"तुम्हाला कसं ठावं?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. पण ते टॉवेलकडे बघत होते, आणि त्यांच्या हातात मी होते. समोर बसलेलीही मीच होते. त्या खोलीत दोघींपैकी एकीपुरतीच जागा होती, आणि जिला त्यांनी इतक्या जपून धरलं होतं तिला खाली ठेवायला लावणं मला जमलं नाही.

"नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं.

"कुमुद."

"कुमुद." त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "चांगलं हाय. घरी कळवू का, हे ठेवा म्हणून? चालंल न्हवं तुम्हाला?"

"चालेल," मी म्हणाले.

दार उघडलं. डॉक्टर, नर्स, काका. नर्सनं बोटाला चिमटा लावला, आकडा बघून डॉक्टरांकडे पाहिलं. "ऑक्सिजन खूप खाली आलाय," डॉक्टर म्हणाले. "म्हणून असं बोलतायत. थांबण्यात अर्थ नाही, आत्ताच घेऊ." मास्क आणला. बिनदाढीच्या चेहऱ्यावर तो नीट बसला.

चाकांची खाट दारापाशी गेली, तेव्हा आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मास्क बाजूला सारला. आता म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी, मान सांभाळून, माझ्याकडे दिला.

"धरा हिला," ते म्हणाले. "मी आलोच."

नर्सनं मास्क परत लावला. खाट गेली.

व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर काका आणि मी बसलो. टॉवेल माझ्या मांडीवर होता. काका त्याच्याकडं बघत नव्हते.

"तुला ओळखलं न्हाई ना त्यानं?"

"नाही."

"काय बोलला?"

मी सांगितलं. मशक, हात दाबण्याची भीती, टॉवेल. नावाचं मी सांगायच्या आधीच त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला.

"आणि नाव इचारलं," ते म्हणाले.

"हो. काका, तुम्हाला कसं…"

"मी सांगतो ते ऐक, आणि मला खुळा म्हणू नको." ते बाकावर माझ्याकडं वळले. "तू झालीस तेव्हा आम्ही वर चौकीवर हुतो. शेडग्याला छातीत ताप भरला. खाली तंबूतल्या इस्पितळात आणला, मीच आणला पाठीवर. सकाळी त्याची दाढी केली. तेव्हाची दाढी, वस्तऱ्याची. आणि डाक्टरला बघाय गेलो. परत आलो तर हा खुशीत. म्हणला, एक बाई आली हुती. तिनं मला पोर कसं धरायचं शिकवलं. नाव कुमुद."

मी टॉवेल मांडीवर जवळ ओढला.

"तिथं बाई न्हवती, पोरी. नर्ससुद्धा न्हवती. सगळा बाप्यांचा कारभार. चारी बाजूंनी बर्फ. आम्ही त्याची लई टर उडवली. 'शेडग्याची बाई' म्हणायचो. तुझ्या आईनं तर जन्मभर ऐकवलं त्याला, की कोण ती कुमुद, जिचं नाव माझ्या पोरीला दिलंत? तो म्हणायचा, हुती एक. मी एकदा इचारलं, कुणाची हुती रं? तर म्हणला, मी इचारलं तिला, तिनं सांगितलंच न्हाई. तेवढं एक लागून राहिलं हुतं त्याच्या जिवाला. म्हातारपणीसुद्धा पाइप ठेवता ठेवता मधेच म्हणायचा, महिपत, कुणाची असंल ती?"

यंत्राची घरघर भिंतीपलीकडून ऐकू येत होती. एक नर्स ट्रे घेऊन पळत आत गेली.

"आणि मागच्या दिवाळीला," काका म्हणाले, "तू अंगणात रांगोळी घालत हुतीस. चष्मा नाकावर आलेला. हा माझी दाढी करत हुता. त्याचा हात थांबला. म्हणला, ही आता तिच्यासारखी दिसाय लागली. मी म्हणलं, इचार की मग. तर म्हणला, आपल्याच पोरीला कसं इचारू, तू कुणाची म्हणून?"

मी उठले. आत जायचं होतं मला. दारावरच्या माणसानं अडवलं, आत जाता येणार नाही म्हणाला, आणि तो तसं म्हणत असतानाच डॉक्टर बाहेर आले. टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती. गळ्याला हात लावायच्या आधीच आबांचं हृदय थांबलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांना गावी आणलं. मुंबईहून चुलतभाऊ यायचे होते, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं ठरलं. मी रात्रभर माजघरात बायकांमधे बसून होते. बाहेर ओसरीवर त्यांना ठेवलं होतं, पण मी गेले नाही. तिथं जो झोपला होता तो तरुण माणूस माझ्या ओळखीचा नव्हता, आणि मीही त्याच्या ओळखीची नव्हते.

उजाडल्यावर बँड आला. सातजण, पूर्ण गणवेशात, किल्टच्या चुण्या इस्त्री केलेल्या, दाढ्या विंचरलेल्या. अंगणात रांग लावली. एक जागा मोकळी सोडली. त्यांच्यात चाल अशी, की जोडीदारानं शेवटची दाढी केल्याशिवाय माणूस उचलायचा नाही. महिपतीकाका तेलाची वाटी आणि फणी घेऊन ओसरीवर चढले. आबांना किल्ट नेसवला होता. काका गुडघ्यांवर बसले, फणी पुढं नेली आणि तशीच धरून राहिले. विंचरायला काही नव्हतं. अंगणातल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण तोंड फिरवून उभा राहिला. बायका कुजबुजल्या. कुणीतरी म्हणालं, नुसतं तेल लावा आणि उचला.

"कुमुद," काकांनी हाक मारली. "हिकडं ये."

मी बाहेर आले.

"बघ."

सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. आबांच्या गालांवर, हनुवटीवर, ओठांच्या वर, पांढरे बारीक खुंट आले होते. काल वस्तऱ्यानं तिथं काही ठेवलं नव्हतं. मी पाहिलं होतं. मेल्यावर केस वाढत नाहीत, कातडी आखडते आणि आतले केस वर दिसतात, हे मी वाचलेलं होतं. तेव्हाही ठाऊक होतं. पण त्या खुंटांनी खालचा पांढुरका, मुलासारखा भाग झाकत आणला होता. वरच्या चेहऱ्यातल्या रेषा परत खोल झाल्या होत्या. तो तंबूतला माणूस जात होता, आणि त्याच्या जागी सावकाश, एकेक केसानं, माझे आबा येत होते.

"करतो मग," काका म्हणाले. त्यांनी बोटं तेलात बुडवली आणि त्या खुंटांवरून इतक्या हळू फिरवली की आवाजसुद्धा आला नाही. मग फणीची टोकं नुसती टेकवून मधोमध भांग पाडल्यासारखं केलं. सरकून मागं झाले, त्यांनी पाहिलं. मग माझ्यासाठी जागा केली.

"बोल," ते म्हणाले. "सांग त्याला. लई दिवस इचारत हुता."

मी आबांच्या उशाशी बसले. अंगणात सात म्हातारे फुंकण्या तोंडात धरून थांबले होते. एकानं मशकेत हवा भरली, आणि तो अखंड सूर हळूच सुरू झाला. मी खाली वाकले. आबांच्या गालाला अत्तराचा वास होता.

"आबा," मी म्हणाले, "मी तुमची."